चक्का मलमलीवर टिकतो, रिओमीटरवर मात्र वाहतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. आई दांडिया बाजारात घरून श्रीखंडाच्या ऑर्डरी घेते आणि माझा एम.एस्सी.चा प्रकल्पही चक्क्यावरच आहे: घट्ट उभा राहणारा चक्का किती ताणाला वाहू लागतो?

मेयोनीज इतकं मऊ असूनही उभं कसं राहतं, हे कोडं वाचून उलगडलं. एकसारख्या कडक गोळ्या कशाही ओतून हलवून बसवल्या तर साधारण ६४ टक्के जागा भरते. तेलाचे मऊ थेंब त्याहून दाट कोंबले की एकमेकांना चेपून बसतात. थोडा ताण दिला तर नुसते वाकतात, सोडला की पूर्ववत. वाढवला की कुठेतरी चार-पाच थेंब शेजारी बदलतात, त्यांचा धक्का पुढच्यांना बसतो आणि सगळं वाहू लागतं. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतकं आवडलं.

अडचण अशी. रिओमीटरला (पदार्थ दोन प्लेटांमध्ये ठेवून तो किती ताणाला वाहतो हे मोजणारं यंत्र) गुळगुळीत स्टीलच्या प्लेटा आहेत, मधली फट १ मिमी. ताण हळूहळू वाढवला तर ४० पास्कललाच (पास्कल म्हणजे ताणाचं एकक) चक्का वाहतो. तीनदा करून पाहिलं. पण त्याच चक्क्याचा १ सेंटीमीटर जाड, पसरट थर फळीवर ताणलेल्या मलमलीला लावला आणि फळी उभी केली, तर तासाभरात हललासुद्धा नाही. घनता पाण्याइतकी धरली तरी कापडालगतचा ताण १००० × ९.८ × ०.०१, म्हणजे ९८ पास्कल होतो. दोन्हीकडे तापमान सारखंच. मग ४० आले कुठून?

प्रतिसाद: ताई, उत्तर मलमलीतच आहे. कापड खरखरीत, ते चक्क्याला धरून ठेवतं. गुळगुळीत प्लेटेलगत निवळीचा पातळ थर सुटतो आणि अख्खा चक्का त्यावरून घसरतो. आतून तो मोडलेलाच नसतो. चक्क्याच्या उघड्या कडेवर कुंकवाची उभी रेघ ओढा. रेघ सगळीकडे सारखी तिरकी झाली तर खरं वाहणं, प्लेटेपाशी तुटली तर घसरण. मग दोन्ही प्लेटांना सँडपेपर चिकटवून पुन्हा मोजा. शिवाय ताण वाढवताना आणि उतरवताना, दोन्ही आकडे नोंदवा. चक्क्यातलं प्रथिनांचं जाळं एकदा मोडलं की पूर्ण सांधत नाही, त्यामुळे उतरतानाचा आकडा कमीच येईल.

मी: दादा, खूप आभार! आजच रेघ ओढली. वरच्या प्लेटेपाशी सरळ तुटली, मधला भाग उभाच. उद्या सँडपेपर लावते. फक्त एक सांगा: खरखरीत प्लेटांना १ मिमी फट पुरेल का? चक्क्यात गुठळ्या आहेत आणि त्या मोडायला मन होत नाही, कारण आईच्या श्रीखंडाचा पोत त्यांचाच आहे.