विषय: बालवर्ग आणि ज्येष्ठांचा कट्टा कोणत्या भागात भरवावा?

सप्रेम नमस्कार मंडळी,

नव्या वर्षासाठी मराठी बालवर्ग आणि ज्येष्ठांचा साप्ताहिक कट्टा यांच्या जागा ठरवायच्या आहेत. सिंगापुरातील ६५ वर्षांवरील रहिवाशांचे प्रमाण २०१० मध्ये सुमारे ९ टक्के होते, ते २०२० च्या जनगणनेत १५ टक्क्यांच्या पुढे गेले. त्यामुळे यंदा खर्चाचा भर कट्ट्यावर द्यावा आणि तो तोआ पायो किंवा क्वीन्सटाउन यांसारख्या, ज्येष्ठ नागरिक अधिक असलेल्या जुन्या वसाहतीत भरवावा, असा विचार कार्यकारिणीत पुढे आला आहे. सभासदांनी आपले मत कळवावे.

आपली,
चिटणीस

———

चिटणीसताई आणि सर्व सभासदांस नमस्कार,

आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. संपूर्ण शहराची टक्केवारी कोणत्याही एका वस्तीला जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि सिंगापुरात तर वस्तीचे वय बऱ्याच अंशी तेथील इमारती केव्हा उभ्या राहिल्या यावर ठरते. एचडीबीची (सरकारी गृहनिर्माण मंडळाची) घरे एकगठ्ठा बांधली जातात व ती घेणाऱ्यांत नवविवाहितांचा भरणा मोठा असतो. त्यामुळे एकाच सुमारास चाव्या हाती पडलेली हजारो कुटुंबे एकाच वेळी पाळणाघर शोधू लागतात, पुढे एकाच वेळी शाळाप्रवेशासाठी धडपडतात, आणि मुले आपापल्या घरी गेली की एकाच वेळी म्हातारपणाकडे झुकतात. साठ-सत्तरच्या दशकांत वसलेले तोआ पायो आज या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर आहे, तर पुंगोल ही नवी वसाहत अजून पहिल्या टप्प्यांवर.

हा फरक अगदी लिफ्टमध्येसुद्धा दिसतो. जुन्या इमारतींच्या लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबत असत. पंचविशीतल्या जोडप्याला तेथून एखाद-दोन मजले चढणे-उतरणे जड नव्हते, पण तीच माणसे सत्तरीला आली आणि गुडघे धरले, तेव्हा बाजारहाटासाठी खाली उतरणेही अवघड झाले. म्हणून सरकारला २००१ पासून जुन्या इमारतींत शक्य तेथे प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याची योजना हाती घ्यावी लागली. २००९ पासून काही चौकांत ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवले की रस्ता ओलांडण्याचा हिरवा दिवा काही सेकंद अधिक राहतो. याच जुन्या वसाहतींतून मुले मात्र ओसरत जातात. २०१७ मध्ये शिक्षण मंत्रालयाने २८ शाळा व ज्युनिअर कॉलेजे विलीन करून १४ करण्याचे जाहीर केले, आणि त्याच काळात पुंगोल व सेंगकांग या नव्या वसाहतींत नव्या प्राथमिक शाळा उघडत होत्या. बार्कर रोडवरची अँग्लो-चायनीज प्राथमिक शाळा २०३० मध्ये तेंगा या नव्या वसाहतीत हलवण्याचे ठरले आहे, म्हणजे मुलांमागून शाळाच जाते. वुडलँड्समधल्या कम्पुंग अ‍ॅडमिरल्टीत ज्येष्ठांची घरे, दवाखाना, हॉकर सेंटर (स्वस्त खाद्यपदार्थांच्या गाळ्यांची जागा) आणि पाळणाघर एकाच संकुलात आणले आहे, हे मला या सर्वांत दूरदृष्टीचे काम वाटते; कारण पुढील तीस वर्षांत वस्तीचे वय बदलले, तरी तेथे एकाची जागा दुसऱ्याला देता येईल.

आता आपल्यापुरते पाहू. वर दिलेली टक्केवारी केवळ नागरिक आणि पीआर (कायमचे रहिवासी) यांची आहे. २०२० मध्ये एकूण लोकसंख्या सुमारे ५७ लाख होती आणि त्यांतले सुमारे ४० लाखच या गणतीत धरलेले आहेत. वर्क पासवर (नोकरीच्या परवान्यावर) आलेली आपली कुटुंबे त्यात नाहीत, आणि नातवंडांसाठी व्हिजिट पासवर दोन-तीन महिने येऊन राहणारे आई-वडील तर मुळीच नाहीत. हे आजी-आजोबा राहतात ते मुलाच्या किंवा मुलीच्या घरी, म्हणजे जेथे लहान मुले आहेत तेथे. दिवसभर घरात एकटे, भाषेची अडचण, पॉलिक्लिनिकमध्ये (सरकारी दवाखान्यात) सवलत नाही, आणि एमआरटीच्या (मेट्रोच्या) दोन गाड्या बदलून तोआ पायोला जाण्याचे धाडस होत नाही. आपल्या ज्येष्ठांना कट्टा हवा आहे तो नव्या वसाहतीत, बालवर्गाच्या शेजारच्याच खोलीत आणि त्याच वेळेला. नातवंडाला वर्गात सोडून आजोबा तेथेच बसू शकतील, अशी सोय झाली तर जागा रिकामी राहणार नाही.

आपला,
एक जुना सभासद

———

नमस्कार काका,

मुद्दा मोलाचा आहे आणि तो मी कार्यकारिणीपुढे ठेवते. एक गोष्ट मात्र जोडावीशी वाटते. नव्वदच्या दशकात येथे आलेली, पीआर किंवा नागरिकत्व घेतलेली आपली पहिली पिढी आता साठीपलीकडे गेली आहे. त्यांची मुले परदेशी गेली, ती स्वतः जुन्या वसाहतींत राहतात, आणि पुंगोल त्यांना तितकेच लांब पडते. भेटीला आलेल्या आजी-आजोबांना हवी आहे सोबत. या मंडळींना त्याखेरीज दवाखान्यात बरोबर येणारे कोणी, घरी अधूनमधून डोकावणारे कोणी लागेल, आणि ही गरज वर्षागणिक वाढणार आहे. दोघांना ज्येष्ठ म्हणून एकाच कट्ट्यात बसवले, तर दोघांचेही काम अर्धवट होईल.

म्हणून नोंदणी अर्जात यंदा तीन प्रश्न घालावेत असे सुचवते: घरातील प्रत्येकाचा वयोगट, भेटीला येणारे आई-वडील वर्षातून साधारण कोणत्या महिन्यांत असतात, आणि पोस्टल कोडचे पहिले दोन आकडे. येथे प्रत्येक इमारतीला स्वतंत्र कोड असल्याने पूर्ण कोड मागणे योग्य होणार नाही; पुंगोलसाठी ८२ किंवा तोआ पायोसाठी ३१ एवढे कळले तरी आपले काम भागते. उत्तरे हाती येईपर्यंत कम्युनिटी क्लबमधील खोल्यांचे आरक्षण वर्षभरासाठी न करता पहिल्या तिमाहीपुरतेच करू.

आपली,
चिटणीस