अनुभव धागा: सुट्टीतले पक्षी, शेळ्या आणि एक चिडका राजहंस

खडूस आत्या
काल भाची शिरूरकडच्या कुठल्याशा कृषी पर्यटनाहून आली आणि आल्या आल्या मला बिलगली. स्वेटरला करडाचा वास. वहिनी म्हणाली, "शी, काढ तो आधी, भिजत घालते." म्हटलं, थांब गं दोन मिनिटं. त्या वासासरशी मी पाचवीतल्या दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पोचले होते, सासवडच्या पुढे.

तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. स्वारगेटहून एसटी, दिवे घाटात धाकट्याची उलटी (खिडकीशी मी बसले होते, त्याची बोलणी अजून खाते), मग उतरून उन्हातून बरंच चालणं. कमानीवर ठळक रंगवलेलं, 'पक्षी अभयारण्य'. आत एक तळं, दहा-बारा पिंजरे, शेळ्या, ससे, एक म्हातारं घोडं. बाबा म्हणाले, इथे अभय आहे ते कुलपांना. टोपीवाले मालक आजोबा फाटकावर तिकीट फाडायचे आणि मग लगबगीने आत येऊन माहितीही तेच सांगायचे. जागोजागी पाट्या. 'बदकांना फरसाण घालू नये. तुम्हाला पचते म्हणून सर्वांना पचत नाही.' 'राजहंस चावतो. चावल्यावर सांगण्यास येऊ नये.'

आम्ही पाटी वाचून लांबच उभे राहिलो. राजहंसाला वाचता येत नसावं. मान जमिनीलगत लांब करून फिस्स करत तो थेट आईच्या मागे. आई पळाली. आईला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं! आजी मात्र नऊवारीत जागची हलली नाही. हातातली पिशवी पुढे धरून म्हणाली, "हो मागं, मेल्या." आणि झाला की तो मागे. नंतर दिवसभर चार हातांवरून तिच्या मागे मागे हिंडत होता.

पिंजऱ्यांत काय काय होतं, काही आठवत नाही. मांडीवर घेतलेलं करडू आठवतं. माझ्या फ्रॉकचं बटण चोखत चोखत झोपलं होतं आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. परतीच्या एसटीत माझ्याशेजारी कुणी बसेना.

तुमचेही असे लिहा. ताडोबा, कान्हा नको, त्यांचे धागे आहेत. लहान, घरगुती, फसलेले अनुभव हवेत.

डब्यातली पोळी
बटण चोखत झोपलं!! अगं काय. आता कामात लक्ष लागायचं नाही.

निवांत शनिवार
आम्ही मे महिन्यात ताडोबाला गेलो होतो, मोहर्ली गेट, दुसऱ्याच सफारीत वाघीण आणि तीन बछडे

खडूस आत्या
निवांत, वरची शेवटची ओळ वाचा हो.

निवांत शनिवार
बरं. पण बछडे लहान होते.

तिसरा मजला लिफ्ट बंद
मोराची चिंचोली. हुरड्याच्या दिवसांत गेलो होतो, पहाटे पाचला पोरांना उठवून, कारण मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळीच बाहेर पडतात. पोचलो. मोर आले, अगदी अंगणात आले, पण एकालाही पिसारा नाही. माझा तेव्हा साडेचार वर्षांचा मुलगा भोकाड पसरून, "बाबा, हे मोर मोडलेत." पावसाळा संपता संपता मोराची लांब पिसं गळतात आणि नवीन पुरती यायला उन्हाळा उजाडतो, हे तिथल्या काकूंनी चुलीवर भाकरी थापता थापता सांगितलं. म्हणजे हुरडा हवा तर पिसारा नाही, पिसारा हवा तर हुरडा नाही. पिसारा बघायचा तर पावसाच्या तोंडावर जा. आम्ही हुरडा खाल्ला, दही, लसणाची चटणी, गूळ. मुलगा आता नववीत आहे. अजूनही घरात काही बिघडलं की आम्ही 'मोर मोडला' म्हणतो. लिफ्टचा मोर मोडून आज सहावा दिवस.

कवडीची किंमत
हाहाहा लिफ्ट

डब्यातली पोळी
हुरड्यासोबत शेंगदाण्याची चटणी लागते, लसणाची नव्हे.

तिसरा मजला लिफ्ट बंद
हा वाद इथे नको, रात्र पुरायची नाही.

भिजकं वांगं
इमू आठवतात का कुणाला? २०१०-१२ च्या सुमाराला जो तो इमू पाळायला निघाला होता. माझ्या मामाने दौंड तालुक्यात बारा आणले. पिल्लं आम्ही देतो, अंडी आणि मोठे पक्षी आम्हीच परत घेतो, तेल निघतं, कातडं निघतं, असं सांगणारे लोक दारात आले होते. मग एक दिवस त्यांचे फोन बंद, ऑफिसला कुलूप. राहिले मामा आणि इमू.

आम्हा पोरांची मात्र दर सुट्टीत चंगळ. अंडं गडद हिरवं, एवढं मोठं की मामी दोन्ही हातांत धरायची. ते उबवतो नर. जवळजवळ आठ आठवडे बसून राहतो, खाणंपिणं जवळपास सोडून. मामी मामाकडे बघून म्हणायची, शिका जरा. आणि मादी रात्री गळ्याखालून ढोल बडवल्यासारखा आवाज काढायची, ढुम् ढुम्, लांब कुठेतरी मिरवणूक चाललीय असं वाटायचं. पहिल्या रात्री मी घाबरून आजोबांच्या पांघरुणात.

विकायला घेणारा कुणी नाही, कापायचं मामाला जमेना, खाद्याचा खर्च चालूच. शेवटी त्याने रस्त्याला पाटी लावली, 'इमू पहा, १० रुपये'. सोलापूर रोडवरून आत चुकलेल्या गाड्या थांबायच्या. म्हणजे हेही प्राण्यांचं शेतच झालं की. तिकिटावर किती जमलं विचारू नका. एका शेटजींचा चष्मा इमूने डोळ्यांवरून उचलला, त्याची भरपाई त्यातूनच गेली.

एक रिकामं अंडं अजून मामीच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मामा उठून बाहेर जातो.

सुटीवर आहे
अरे रे. आमच्या गावात पण दोघं बुडले त्यात. एकाने रान विकलं.

अर्धा डॉक्टर
पशुवैद्यक शिकतोय, म्हणून लिहितो, लेक्चर समजू नका. इमू, टर्की बघायला जाताना चमकणारं काही घालू नका, टिकल्या, कानातलं, चष्मा सगळ्यावर चोच मारतात. ससा कानाला धरून उचलू नका, मागच्या पायांखाली हात हवा, नाहीतर झटका मारून स्वतःचा कणा मोडून घेतो. बदकांना पाव-फरसाण खरंच नको, आजोबांची पाटी बरोबर होती. ज्वारी, मका, चिरलेला पाला चालतो. आणि खाण्याआधी हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने शेण जात नाही.

गंमत सांगतो. टर्कीच्या नराला मोठा आवाज ऐकला की उत्तर द्यायची सवय असते. आम्ही एका फार्मवर गेलो होतो तेव्हा कुणीतरी ओरडलं "गणपती बाप्पा!" आणि पलीकडून वीस टर्की एका सुरात गळगळगळ. मोरयाच म्हणाले. पुढचा अर्धा तास सरांसकट सगळे तेच करत होते.

कवडीची किंमत
मेले हसून. ऑफिसात आहे मी.

येरवड्याची माहेरवाशीण
पेशवे पार्क कुणी कसं नाही काढलं अजून? फुलराणी, आपली छोटी झुकझुक गाडी!

खोडरबर
फुलराणी १९५६ ची. माझे बाबा बसले, मी बसलो, पोरगी बसली. वाघाच्या पिंजऱ्याचा वास मात्र बाबांच्या आणि माझ्या वाट्याचा. तिच्या वेळेपर्यंत प्राणी कात्रजला गेले होते.

येरवड्याची माहेरवाशीण
हो तो वास!! आणि बाहेर भेळ. आणि सारसबागेच्या तळ्यातला गणपती, त्याला थंडीत स्वेटर.

खोडरबर
स्वेटर आणि कानटोपी. बघा, स्वेटरवरूनच धागा निघाला होता.

कवडीची किंमत
माझं नाव ज्यावरून आहे ते लिहिते. कवडीपाट, लोणी काळभोरच्या अलीकडे. तिकीट नाही, पाटी नाही, नदीवरचा जुना बंधारा आणि पक्षी. लग्नानंतरच्या पहिल्या जोडून सुट्टीला नवरा म्हणाला, पहाटे छान ठिकाणी नेतो. मी साडी नेसले. तो मला मुळा-मुठेच्या फेसाशेजारी घेऊन गेला. पाण्यावर पिशव्या, जलपर्णी, शहराने जे जे सोडून दिलंय ते सगळं. आणि त्यातच चक्रवाकाच्या जोड्या, सोन्यासारख्या. शेकाट्या गुलाबी पाय उचलत चालतायत, धोबी शेपटी हलवतोय, थापट्या चमच्यासारखी चोच घेऊन गोल गोल. डोळ्यांनी चक्रवाक, नाकाने पुणे.

मी रागावून बोलत नव्हते. तर हा सांगायला लागला, ते बघ हळदीकुंकू. मला वाटलं मनवण्याचं काहीतरी काढलंय. बदकाचंच नाव निघालं. चोचीच्या टोकाला पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. मग काय, हसले. आता अकरा वर्षं झाली, दर थंडीत जातो, नाकाला ओढणी बांधून. नदी जास्त घाण झालीये. चक्रवाक अजून येतात, कसे ते त्यांनाच माहीत.

डब्यातली पोळी
साडी नेसून बंधाऱ्यावर, धन्य

एकटा टिटवी
सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. जेमतेम पाच चौरस किलोमीटर. एवढीशी जागा म्हणजे चिंकारा दिसणारच या हिशोबाने मित्र आणि मी. चार तास. दिसलं: गवत, चंडोल, गवत, एक सरडा. जेजुरीला जायचं म्हणून निघालो तर फाटकाबाहेर कुणाच्या तरी हरभऱ्यात पाच चिंकारा चरत उभे. शेतकरी म्हणाला, ते रोजच येतात, तुम्ही आत काय करत होता?

निवांत शनिवार
हे भारी. सफारीवाल्यांनाही लागू आहे.

पाण्याखालचं माहेर
नेहमी वाचतेच फक्त. आज लिहिते.

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला सगळे जातात, पुण्याहून शंभर किलोमीटर. आम्हीही गेलो, गेल्या वर्षीच्या जानेवारीत, मी, नवरा, मुली आणि आई. आईला न्यायचं ठरलं नव्हतं. ती स्वतः म्हणाली, येते. आईचं माहेर उजनीत गेलं. धरण पुरं झालं १९८० ला, त्याआधीच गावं उठली. तिचं लग्न होऊन ती पुण्यात आली होती, म्हणून गाव उठताना तिने पाहिलं नाही. नंतर कधी कुणी नेलंही नाही.

कुंभारगावहून होडी. नावाडी दादा छान माहिती देत होता. हे पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे बघा, हिमालय ओलांडून येतात. रोहितांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पिल्लं करडी असतात. मुली दुर्बिणीसाठी भांडत होत्या. रोहित शंभरेक असतील, पाण्यात डोकं उलटं घालून चरत होते. आई दुसरीकडेच बघत होती. तिने दादाला गावाचं नाव सांगून विचारलं, ते कुठंशी येईल?

त्याने इंजिन बंद केलं. जरा इकडेतिकडे बघितलं, काठावरच्या एका बाभळीचा आणि लांबच्या पुलाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "त्या अंगाला, मावशी. पाणी लई आटलं तर भिंती दिसत्यात. पळसदेवचं देऊळ दिसतं तसं. औंदा नाय दिसायच्या." मग म्हणाला, आमचंबी गेलं, पण आमाला मासं मिळालं.

आई म्हणाली, "आमच्याकडं असले पक्षी नव्हते. ज्वारी होती." एवढंच. पाण्यात हात घालून बसली. धाकटी म्हणाली, आजी, पाणी घाण आहे. आई म्हणाली, असू दे.

नंतर चिलापी फ्राय खाल्ला. तिने दोन खाल्ल्या आणि जेवण झाल्यावर दादाला वेगळे शंभर रुपये दिले, आमच्या नकळत.

खोडरबर
ताई, लिहीत जा.

सुटीवर आहे
आमचे आजोळही तिकडचेच, करमाळ्याच्या बाजूला. मेसेज करते.

येरवड्याची माहेरवाशीण
डोळे भरले. माझी आई पण

भिजकं वांगं
चिलापी भिगवणला कुठे चांगली मिळते कुणी सांगेल का? येत्या रविवारी चाललोय.

डब्यातली पोळी
वांगं, जरा थांबला असतास.

पाण्याखालचं माहेर
असू दे हो. हायवेला कुठेही चांगली मिळते. चिलापीच मागा, वेटर दुसरं काही सुचवेल. आणि होडीला सकाळी लवकर जा, उन्हं चढली की पक्षी आत सरकतात.

नवीन सदस्य ७
सासवडच्या त्या अभयारण्याचा पत्ता मिळेल का? मुलांना न्यायचं आहे. पार्किंग आहे का?

खडूस आत्या
नाही हो, तिथे आता प्लॉटिंग झालंय. तीनेक वर्षांपूर्वी मुद्दाम वाट वाकडी करून गेले होते. तळं बुजवलंय. कमानीचा एक खांब आहे, त्यावर बिल्डरचा बाण. मुलांना न्यायचंच तर चिंचोलीला न्या, वर तिसऱ्या मजल्यांनी लिहिलंय तसं मोडलेल्या मोरांची तयारी ठेवून. आणि हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवलेला कुठे दिसला तर तिकीट काढू नका. १९७२ चा कायदा आहे, आपला पोपट पाळता येत नाही. आमच्या त्या टोपीवाल्या आजोबांकडे होते की नाही ते आठवत नाही, आणि आठवूही नये.

तिसरा मजला लिफ्ट बंद
लिफ्ट सुरू झाली!! मी चौथ्या मजल्यावरून लिहितोय, उगाच वर गेलो.

अर्धा डॉक्टर
अभिनंदन. आत्या, राजहंस माणसं लक्षात ठेवतात बरं का. आजी परत गेली असती तर त्याने ओळखलं असतं.

खडूस आत्या
आजी नाही गेली परत. पण आईला आत्ता हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते, मी पळाले नव्हते, धाकट्याला उचलायला चालले होते. धाकटा घोड्यापाशी होता. घोडं दुसऱ्या टोकाला होतं.