स्कोअर वाढला म्हणजे कंपनी सावरली?
एखाद्या कंपनीचा पिओत्रोस्की स्कोअर (आर्थिक तब्येत ९ कसोट्यांवर तपासून प्रत्येकीला एक गुण देणारा आकडा) ३ वरून ६ झाला म्हणून ती सावरली, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. त्यातल्या ९ पैकी ५ कसोट्या फक्त मागच्या वर्षाशी तुलना करतात. मागचं वर्षच भयंकर असेल तर गुण आपोआप वाढतात. उलट, नवे शेअर काढून कर्ज फेडलं, जे अडचणीतल्या कंपनीला खरंच तारू शकतं, तर एक गुण जातो!

दिवाळखोरीचा धोका दाखवणारा ऑल्टमन झेड-स्कोअर जरूर पाहा (मूळ सूत्रात १.८१ च्या खाली धोका), पण त्यात शेअरचं बाजारमूल्यही धरलेलं असतं, म्हणजे नुसत्या तेजीनेही आकडा सुधारतो. बँकांना तर तो लावूच नका. मी आधी बघेन ते व्याज भरण्याइतका रोख पैसा धंद्यातून येतोय का, आणि वर्षभरात किती कर्ज फेडायचंय.