मदत हवी आहे: घारीचा उघडा पंख खराट्यासारखा दिसतोय

काडेपेटी: तरंगणारी घार खालून जशी दिसते तशी पेन्सिलीने काढायची आहे. ए४ कार्ट्रिज कागद, एचबी आणि ४बी. शरीर जमतं, पण पंख काढला की खराटा होतो. पिसं किती काढायची, कुठलं कुणाच्या वर, आणि टोकाची 'बोटं' कशी दाखवायची?

कोपर_मनगट: सगळी पिसं एकाच बिंदूतून काढलीत की खराटा होणारच. पिसांच्या आधी हाडं आखा: खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, मनगट ते बोटांच्या हाडांचं टोक. इंग्रजी झेडसारखी ही मोडती रेघ अगदी फिकी असू द्या. मनगटापुढच्या हातावर प्रायमरी पिसं, कोपर ते मनगट या हाडावर सेकंडरी. घारीच्या प्रायमरी १०. सेकंडरी फोटोवरून मोजा. एखादी कमीजास्त झाली तर चालते, पण प्रायमरी ८ झाल्या तर पंख आखूड वाटतो. मनगटापासून पिसांच्या टोकापर्यंतचा भाग पंखाच्या निम्म्याहून जास्त ठेवा.

दिशा हळूहळू वळते. सर्वांत बाहेरची प्रायमरी जवळपास हाताच्याच रेषेत, मनगटाजवळची मागे झुकलेली, आणि सेकंडरी हाडाला जवळपास काटकोनात.

कोपराचा कोन पुढच्या कडेला दाखवू नका. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पडदा ताणलेला असतो, त्यामुळे कडा जवळजवळ सरळ जाते. शिवाय कोपर उघडलं की मनगट आपोआप उघडतं. कोपर सरळ आणि मनगट मिटलेलं असं चित्र मोडक्या पंखाचं दिसतं. खात्री करायची असेल तर चिकनवाल्याकडून टोकासकट अख्खा पंख आणा आणि कोपर ओढून बघा.

पिसारा२: आता कोण कुणाच्या वर. प्रत्येक पिसाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाती असते; पुढची पाती अरुंद, मागची रुंद. वरून बघितलं तर प्रत्येक पिसाची अरुंद पाती बाहेरच्या शेजाऱ्याच्या रुंद पातीवर बसते. खालून उलटं: सर्वांत बाहेरचं पीस पूर्ण दिसतं आणि आतल्या प्रत्येकाची पुढची कडा शेजाऱ्याखाली लपते. म्हणून तुमच्या चित्रात बाहेरून आत काढत या. दांडा पिसाच्या मधोमध काढला तर पान दिसतं, पीस नाही.

बोटं म्हणजे मुळापासून सुटलेली पिसं नव्हेत. बाहेरच्या पाच-सहा प्रायमरी साधारण निम्म्या लांबीवर अचानक अरुंद होतात. फट फक्त तिथून पुढे. आणि सर्वांत बाहेरचं पीस सर्वांत लांब नसतं, ही चूक फार जण करतात.

कोपर_मनगट: त्यात एक भर. मुळांवर कव्हर्टच्या, म्हणजे मुळं झाकणाऱ्या लहान पिसांच्या, ओळी येतात. सर्वांत मोठ्या ओळीत प्रत्येक उड्डाणपिसाला (प्रायमरी किंवा सेकंडरी) साधारण एक कव्हर्ट, म्हणजे ती ओळ मोजून काढा. पुढच्या लहान ओळी मोजू नका, नुसते खवले सुचवा.

काडेपेटी: आभार! बाहेरून आत काढल्यावर पहिल्यांदाच पंख वाटला. पण छटा दिल्यावर सगळं सपाट होतंय. आणि बसलेल्या पारव्यालाही हेच नियम का?

पिसारा२: खालून बघताना उजेड पिसांतून आरपार येतो. जिथे दोन पिसं एकमेकांवर आहेत तिथे गडद पट्टा, जिथे एकच थर तिथे फिकट. हा फरक दिला की सपाटपणा जातो. एचबीने सगळीकडे हलका थर, गडद पट्टे २बीने, ४बी फक्त बोटांच्या टोकांना. प्रायमरींच्या मुळाशी घारीला फिकट डाग असतो. तो कागदाचाच राहू द्या, नंतर खोडरबराने काढलेला डाग मळकट दिसतो. प्रत्येक पिसावर केसासारख्या रेघा नकोत. दोन-तीन पिसांच्या कडेला एखादी चीर पुरे.

पारवा बसल्यावर वरची बाजू दिसते, म्हणून क्रम उलटा: आतली सेकंडरी पिसं सर्वांत वर, प्रायमरी त्यांच्याखाली सरकतात आणि शेपटीच्या बाजूला फक्त टोकं बाहेर. त्या टोकांवर अरुंद पातींच्या समांतर कडाच दिसतात. दोन काळे पट्टे सलग रेघ म्हणून ओढू नका; एक मोठ्या कव्हर्टवर, दुसरा सेकंडरींवर. पिसागणिक तुकडे जोडत न्या, म्हणजे पंखाची गोलाई पट्ट्यातूनच दिसते.