सेलोफेन: पावसाळ्यातला अनुभव

सिगारवरचं पारदर्शक सेलोफेन काढलं नाही तर साठवणीत सिगारला ओलावाच मिळत नाही, असं काही जण म्हणतात. ते मला पटलं नाही. दिसायला प्लास्टिक असलं तरी सेलोफेन लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतं. त्यातून बाष्प जातं, फक्त सावकाश. शिवाय एक टोक नुसतंच दुमडलेलं असतं. (आणि त्याला 'रॅपर' नका हो म्हणू. रॅपर म्हणजे सिगारचं सगळ्यात बाहेरचं पान. ते काढलंत तर कल्याणच!)

हा सावकाशपणाच मुंबईत कामी येतो. गेल्या जुलैत माझ्या ह्युमिडोरचं (सिगार ठरावीक ओलाव्यात ठेवायच्या पेटीचं) झाकण नीट बसलं नव्हतं, लक्षात आलं चार दिवसांनी. आतला आर्द्रतेचा काटा ६८ टक्क्यांवरून थेट ८० च्या पुढे. उघड्या ठेवलेल्यांपैकी दोन सिगार फुगून टोकाशी तडकल्या, सेलोफेनमधल्या सगळ्या शाबूत. क्यूबन सिगार बहुतेक सेलोफेनशिवायच येतात, त्या मी आता वेगळ्या डब्यात ठेवतो. बाकीच्यांचं सेलोफेन सिगार ओढायच्या दिवशीच काढतो. वर्षानुवर्षं ठेवलं की तंबाखूच्या तेलाने ते पिवळसर पडतं, म्हणजे कुठली सिगार किती मुरलीय याचा अंदाजही आयता मिळतो.