सकाळी साडेपाच ते आठ: घरातली घाई कमी कशी करायची?

शेवंती
नमस्कार. घरात आम्ही चौघं. दोघं नोकरी करणारे, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. शाळेची बस ७.१० ला, आम्ही दोघं साडेआठला निघतो. त्याआधी चार डबे, चहा-दूध, चार आंघोळी आणि पिण्याचं पाणी भरणं. पाणी ६ ते ७ एवढंच येतं. बाथरूम एक, गिझर १५ लिटरचा, गॅस दोन शेगड्यांचा. अजून लवकर उठणं नको आहे. मुलं जाण्याआधी चौघांनी दहा-पंधरा मिनिटं एकत्र बसून चहा-दूध घ्यावं, एवढंच हवंय. रात्री काय करून ठेवावं, काय ठेवू नये आणि काय सरळ सोडून द्यावं?

ताम्हण
शेवंतीताई, आधी गिझरचा हिशेब बघा. अशा घरात पहिला खोळंबा बहुतेक वेळा बाथरूमपाशी होतो आणि मग त्याची घाई स्वयंपाकघरात उतरते.

१५ लिटरचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. थंडीत २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला त्याला वीस-बावीस मिनिटं लागतात. ते गार पाणी मिसळून आंघोळीच्या ४० अंशांवर आणलं की ३० लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. दोन आंघोळींनंतर टाकी जवळजवळ गार पडते. तिसऱ्याला वीस मिनिटं थांबावंच लागतं, दारावर कितीही थापा मारल्या तरी.

म्हणून चार आंघोळी ओळीने लावू नका. मुलांच्या दोन सव्वासहा ते पावणेसात, तुमच्या दोन बस गेल्यावर. मधल्या वेळात पाणी आपोआप तापतं. मुलगा संध्याकाळी खेळून आल्यावर आंघोळ करत असेल तर सकाळी त्याला हातपाय-तोंड धुणं पुरे. गिझरला टायमर लावायचा असेल तर १६ अँपिअरचाच घ्या. २ किलोवॅटला सुमारे ९ अँपिअर वीज लागते, ६ अँपिअरचा टायमर तापून वितळतो.

परसबाग
आता स्वयंपाक. कोणत्या पदार्थाला किती मिनिटं लागतात यापेक्षा, कोणत्या पदार्थापाशी उभं राहावं लागतं ते बघून सकाळचा बेत ठरवा. कोबी, फरसबी, दुधी, मोडाची मटकी या भाज्या फोडणीला टाकून ताटलीचं झाकण ठेवा, ताटलीत पाणी ओता आणि आच मंद करा. दहा-पंधरा मिनिटांत वाफेवर शिजतात. मध्ये एकदा हलवायचं, पाणी कमी वाटलं तर ताटलीतलं गरम पाणीच आत घालायचं. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर पोळ्या. भेंडी, काचऱ्या, पिठलं सकाळी नको. भेंडी झाकली की चिकट होते, काचऱ्या सारख्या परताव्या लागतात, पिठल्यात गुठळ्या होतात. हे पदार्थ संध्याकाळी, गप्पा मारत करावेत.

कणीक रात्री मळा. ३०० ग्रॅम पिठाला १८० ते १९० मिली पाणी, चिमूटभर मीठ, दोन चमचे तेल. त्यात बारा पोळ्या होतात. एकटीने लाटून भाजायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. कणीक उठल्या उठल्या फ्रीजबाहेर काढायची. गार कणीक लाटताना आखडते, कडा फाटतात आणि मग पोळी वातड होते.

फरसबी, गवार, कोबी रात्री चिरून डब्यात ठेवलं तर चालतं. पालेभाजी निवडून ठेवा, पण धुऊ नका. ओली पालेभाजी सकाळपर्यंत काळी पडते. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची. पोहेही रात्री भिजवू नका, त्यांचा गोळा होतो.

मटकी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड तयार असतात, थंडीत अख्खा दिवस जास्त धरा. फडक्यात पाणी राहिलं तर मटकी बुळबुळीत होते आणि वास येतो.

उंबरठा
परसबाग यांचं सगळं पटतं, एका धोक्यासकट: सकाळचं सगळं रात्रीवर ढकललं तर घाई फक्त दहा वाजता सरकते. रात्रीच्या कामाला अर्ध्या तासाची हद्द घाला आणि तेवढ्यात बसत नाही ते बेतातून काढा. चारही डब्यांत एकच भाजी. चटणी-कोशिंबीर रोज हवीच असं नाही. गाजर-काकडीचे तुकडे पुरतात. आठवड्याच्या पाच भाज्या रविवारी कागदावर लिहून फ्रीजवर लावा. "उद्या काय करू?" हा रात्रीचा प्रश्नच खूप थकवतो.

आणि कामं वाटताना पूर्ण काम द्या. "जरा मदत कर" म्हटलं की लक्ष ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं. पाण्याच्या चार बाटल्या आणि दप्तर रात्रीच भरणं हे तिसरीतल्या मुलाला नक्की जमतं. डबे भरणं मुलीचं. पिण्याचं पाणी आणि चहा-दूध मुलांच्या बाबांचं, रोज, न विचारता. सुरुवातीचे काही दिवस बाटली विसरेल, सांडेल. हात आवरून बसा, नाहीतर काम परत तुमच्याकडे येतं.

फोनचंही तसंच. डू नॉट डिस्टर्बला वेळापत्रक लावता येतं. रात्री साडेनऊ ते सकाळी सव्वासात ठेवा, आईवडील आणि बसचालक यांच्या कॉलना मुभा द्या, अलार्मही चालू ठेवा. शाळेचा ग्रुप रात्री नऊला एकदाच बघायचा.

ताम्हण
वापरायचं पाणी पिंपात भरत असाल तर अर्ध्या इंची बॉल कॉक बसवून घ्या. पिंप भरलं की पाणी आपलं आपण थांबतं, पहारा लागत नाही. पहिल्या पावसात गढूळ पाणी येतं, तेव्हा त्याच्या तोंडात कचरा अडकून ते गळू लागतं. उघडून धुतलं की ठीक होतं. तरी पिंपाच्या काठाखाली एक जादा पाणी जाण्याची नळी मोरीत सोडाच.

शेवंती
खूप आभार. उभं राहावं लागणारे पदार्थ वेगळे काढायचे, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. रात्रीची कणीक सकाळी करडी दिसते, ती खराब असते का? आणि रात्री दहाला लावलेलं दही सध्या सकाळी आंबट निघतं.

परसबाग
कणीक करडी होते ती कोंड्यातल्या विकरांमुळे, हवा लागली की रंग बदलतो. गोळ्याला तेलाचा हात लावा, बेताच्या मापाच्या घट्ट डब्यात दाबून ठेवा आणि चोवीस तासांच्या आत संपवा. नुसता रंग बदलला असेल तर पोळ्या करायला हरकत नाही. आंबूस वास आला किंवा गोळा चिकट, सैल पडला तर टाकून द्या.

दह्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात ते पाच-सहा तासांत लागतं. दहाला लावलेलं पहाटे चारलाच तयार होतं आणि पुढे आंबत राहतं. संध्याकाळी सहाला लावा, अर्ध्या लिटर कोमट दुधाला एक छोटा चमचा विरजण, आणि झोपण्यापूर्वी फ्रीजमध्ये सरकवा. दूध बोटाला चटका बसण्याइतकं गरम नको. थंडीत मात्र रात्रीच लावा आणि भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवा.