म्हातारपण नसलेल्या गावाची कथा: बिघडतं कुठे?

कृष्णाकाठ:
दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. तिशीनंतर कुणाचंच वय पुढे सरकत नाही, एवढं गृहीत धरलंय. आठ-दहा पानांनंतर अडले, कारण सगळे सुखातच आहेत! ‘इन टाइम’ या सिनेमात (२०११) पंचविशीला वय थांबतं आणि हातावरचं घड्याळ उलटं धावू लागतं, ते उचलायचं नाहीये. दुष्ट सरकार नको. ययातीही सुचवू नका, तिथे म्हातारपण निदान कुणालातरी घ्यावं लागतं. मग काय बिघडवू?

विमेकरी:
आयुर्विम्यात नोकरी झाली, म्हणून आधी हिशेब. प्रौढपणी मृत्यूची जोखीम चक्रवाढीने वाढते, हे गोम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ मध्ये मांडलं. ढोबळमानाने आठ वर्षांत दुप्पट. तुमच्या गावात ती चक्रवाढ बंद. समजा वर्षाला हजारात एक, एवढीच जोखीम कायम राहिली, तर सरासरी आयुष्य हजार वर्षं आणि ६९३ वर्षांनीही निम्मा गाव हयात.
आता सातबारा काढा. आजोबा, बाप, नातू, सगळे तिशीचे, सगळे धडधाकट. वारसनोंद व्हायचीच नाही. जमीन मात्र आजोबांची स्वकष्टार्जित दाखवा. वडिलोपार्जित ठेवलीत तर बाप वाटणी मागून मोकळा होईल आणि कथा तिथेच संपेल.

रात्रपाळी:
अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटच्या १९५४ च्या कथेत असेच आजोबा आहेत. वय १७२, सगळं खटलं एका फ्लॅटमध्ये, आणि म्हातारा ऊठसूट मृत्युपत्र बदलतो. व्हॉनेगटचीच १९६२ ची ‘२ बी आर ० २ बी’ (शून्य म्हणजे ‘नॉट’: ‘टू बी ऑर नॉट टू बी’) जास्त कडू आहे: अमेरिकेची लोकसंख्या चार कोटींवर बांधलेली, मूल जन्मलं की कुणीतरी स्वखुशीने मरायचं. तिथे एका बापाला तिळी होतात. पुढचं वाचाच.

कृष्णाकाठ:
मृत्युपत्राची गंमत व्हॉनेगटने आधीच वापरलीय तर! मग सुनेच्या तोंडून सांगते. सासू, आजेसासू, पणजीसासू, सगळ्या तिच्याच वयाच्या दिसणाऱ्या, आणि कोठीची किल्ली सगळ्यात थोरलीच्या कमरेला.

विमेकरी:
झकास. एक विसरू नका, मरण आता बहुतेक अपघातानेच येणार. विहिरीवरच्या मोटरची वायर उघडी पडलीय, घरात सगळ्यांना दिसतेय, पण टेप कुणी लावत नाही.

कृष्णाकाठ:
बाप रे. घेतलं. पण पंचनाम्याला येणारा पोलीस पाटील आजोबांच्याच वर्गातला असणार ना? त्याला संशय येऊ देऊ की तोही आपल्या घरची वायर आठवून गप्प बसेल?